फिलिपाईन्समधील एक शुद्धपत्र : शके ८२२

ताम्रपट म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें दानशासन उभें राहतें : राजाची वंशावळ, ग्रामाच्या चतुःसीमा, शेवटीं शापवचनें. फिलिपाईन्समधील लुझॉन बेटावर, लगुना प्रांतांत लुंबान नदीच्या मुखाशीं वाळू उपसतांना मिळालेल्या ताम्रपटांत दानाचा गंधहि नाहीं. ती चक्क एक फारखती आहे. मनिला येथील राष्ट्रीय संग्रहालयानें १९९० सालीं तो पत्रा घेतला. आंतोन पोस्टमा या डच विद्वानानें त्याचें सटीक वाचन १९९२ सालीं प्रसिद्ध केलें. ओळी दहा, लिपि जावा बेटांतील प्राचीन कावी, भाषा मुख्यतः जुनी मलय.

कालनिर्देश आपल्या परिचयाचा आहे : शक वर्षें ८२२ अतीत, वैशाख कृष्ण चतुर्थी, सोमवार, म्हणजे इ. स. ९००, एप्रिल २१.

नामवरन नांवाच्या प्रतिष्ठित गृहस्थाकडे १ कटी ८ सुवर्ण इतकें देणें होतें. तें फिटल्याचें शुद्धपत्र त्याच्या अंगकातन व बुका या अपत्यांस तुंदुनच्या सेनापतीकडून मिळालें. सेनापतीच्या वतीनें पैला येथील नायक जयदेव होता. पुलिरन व बिनवांगन येथील नायकांचीहि नांवें आहेत. पोस्टमा यांच्या वाचनाप्रमाणें एक कायस्थहि आहे! ‘शुद्ध’ हा शब्द तर थेट व्यवहारशास्त्रांतला. ऋण फेडल्यावर लेख फाडावा, किंवा शुद्धीसाठीं दुसरा करून घ्यावा, असें याज्ञवल्क्यस्मृति सांगते.

परंतु शब्दांची विभागणी लक्षपूर्वक पाहावी. अधिकार सांगावयाचा तेथें सेनापति, नायक हे संस्कृत शब्द, त्यांना जोडून जावी ‘पमगत’, मलय ‘तुहन’. पदव्यांवर पदव्या रचिल्या आहेत. ज्यांचा भार कोणावर तरी पडावयाचा तेथें मात्र घरचे शब्द : ‘हुतांग’ म्हणजे ऋण, ‘लप्पस’ म्हणजे मोकळें, ‘अनक चुचु’ म्हणजे मुलें-नातवंडें. माझ्या मतें हा योगायोग नव्हे. पदवी परकी चालते. देणें ज्याच्या मुलाबाळांवर येणार त्यास तें स्वतःच्या भाषेंतच कळलें पाहिजे. ‘हुतांग’चाच सगोत्र ‘उतांग’ तागालोग भाषेंत आजहि रूढ असून उपकाराच्या ऋणासहि त्याच शब्दानें ‘उतांग ना लोओब’, अंतरींचें ऋण, असें म्हणतात.

नातवंडांचा उल्लेख कां, हें समजण्यास हुआन दे प्लासेन्सिया या स्पॅनिश धर्मोपदेशकाचा १५८९ चा वृत्तांत उपयोगी पडतो. मध्यें जवळजवळ सातशें वर्षांचें अंतर आहे, तेव्हां त्याचा आधार बेतानेंच घ्यावा. तागालोग लोकांचा ‘दातु’ आपल्या ‘बारांगाय’चा प्रमुख असे, हा शब्द मूळ नौकेचा. दास व स्वतंत्र अशा दांपत्याचीं मुलें आईबापांत आळीपाळीनें वांटलीं जात, असें तो लिहितो. अशा समाजांत बापाचें फिटलेलें ऋण धातूवर कोरून ठेवणें ही मुलांच्या जन्माची तरतूद होती.

पट याच भयापाशीं येऊन थांबतो. पुढें कधीं कोणी म्हणेल कीं नामवरनचें ऋण अजून फिटलें नाहीं, तर... वाक्य येथेंच तुटलें आहे. दंड कीं शाप, तें पुढील पत्र्यावर असावें.