जुनी जोंगा घेताना : लिलाव, मालक की कारागीर?

चेरीताल (जबलपूर) : राणी दुर्गावतीच्या काळी राणीसाठी राणीताल आणि तिच्या दासीसाठी चेरीताल बांधले गेले, अशी जबलपूरमधील पारंपरिक समजूत आहे. तलावांच्या या शहराचे नाव एका लष्करी वाहनातही सामावले आहे. ‘जोंगा’ या नावाचे आद्याक्षर जबलपूरचे असून, पुढची अक्षरे ऑर्डनन्स आणि गन कॅरेज असेंब्ली या शब्दांतून आली आहेत.

निस्सानच्या ‘पॅट्रोल ६०’ वर बेतलेली, सहा सिलिंडर आणि ३,९५६ सीसी क्षमतेच्या पेट्रोल इंजिनाची ही गाडी जबलपूरच्या वाहन निर्माणीत १९६९ पासून सैन्यासाठी तयार होऊ लागली. १९९९ मध्ये उत्पादन थांबले. त्याआधी १९९६ मध्ये डिझेल इंजिनाच्या मोजक्या गाड्या नागरिकांसाठी काढण्यात आल्या. त्यामुळे आज विक्रीस येणारी बहुतेक प्रत्येक जोंगा सैन्यातून बाद झालेली असते आणि तिची खरी किंमत यंत्रापेक्षा कागदपत्रांवर ठरते.

पहिला मार्ग लिलावाचा. सैन्याने बाद केलेल्या साहित्याचा ई-लिलाव एमएसटीसी या सार्वजनिक कंपनीमार्फत होतो. माल ‘जसा आहे, जेथे आहे’ या तत्त्वावर विकला जातो. नंतरची तक्रार ऐकली जात नाही. लष्करी वाहनाची नागरी नोंदणी करताना परिवहन कार्यालयाला संबंधित लष्करी अधिकाऱ्यांचे मूळ विक्री प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २१, द्यावे लागते. गाडी भंगार म्हणून विकली गेली असेल आणि हे प्रमाणपत्र नसेल, तर ती अंगणातच उभी राहण्याची शक्यता अधिक. स्वस्त सौदा महाग पडतो तो येथेच.

नोंदणी झालेली गाडी आधीच्या मालकाकडून घेणे तुलनेने सोपे. नोंदणी पुस्तिकेतील चासी व इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी स्वतः ताडून पाहावेत. छायाचित्रावर विसंबू नये. नमुना २९ व ३० वर हस्तांतर होते, दुसऱ्या राज्यातील गाडीसाठी ना-हरकत प्रमाणपत्र लागते. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षे चालते आणि पुढे दर ५ वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. मुदत संपलेली असल्यास तो खर्च किमतीतून वजा करून घ्यावा.

तिसरा मार्ग कारागिरांकडून नव्याने बांधलेली गाडी घेण्याचा. हरियाणातील डबवाली अशा जीपगाड्यांसाठी प्रसिद्ध आहे. गाडी देखणी मिळते, पण जोखीमही येथेच मोठी. मूळ पेट्रोल इंजिन फार इंधन पिते, म्हणून अनेक जोंगांत डिझेल इंजिन बसवलेले आढळते. हा बदल पुस्तिकेत नोंदलेला नसेल, तर नोंदणी आणि विमा दोन्ही अडचणीत येतात. निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली.

प्रथम नोंदणीला ५० वर्षे झालेल्या, मूळ स्वरूपातील गाडीसाठी २०२१ पासून ‘व्हिंटेज’ नोंदणीची सोय आहे. शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षे. मात्र अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती यांसारख्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापरास परवानगी नाही.