‘लंकादहन’ ते ‘सेतुबंधन’: नाशिकच्या एका रखडलेल्या उत्तरार्धाची गोष्ट

१/
‘ब्लेड रनर’ १९८२ साली आला आणि त्याचा पुढचा भाग यायला २०१७ उजाडले. ‘अवतार’चा दुसरा भाग १३ वर्षांनी आला. मधल्या काळात नव्या तारखा, नव्या अफवा आणि चाहत्यांचे न संपणारे तर्क. ही प्रतीक्षा आपल्याच पिढीची आहे, असे आपल्याला वाटते. परंतु पडद्यावर लंका जळताना १९१७ साली पाहिलेल्या प्रेक्षकाला, त्याच दिग्दर्शकाने बांधलेला समुद्रावरचा सेतू पाहण्यासाठी १९३२ पर्यंत थांबावे लागले होते. त्या १५ वर्षांचा हा धागा.

२/
प्रथम एक शंका दूर करू. रामायणावरील मूकपटाचा विज्ञानकथेशी काय संबंध? कथेच्या दृष्टीने काहीच नाही, आणि पुराणात विमाने शोधण्याचा उद्योग येथे करावयाचा नाही. संबंध आहे तो चित्रपटगृहातील जागेचा. जे प्रत्यक्षात घडणे अशक्य, ते यंत्राच्या साहाय्याने डोळ्यांना घडताना दाखवणे, हे काम आज विज्ञानपट करतात. शंभर वर्षांपूर्वी आपल्याकडे ते पौराणिक चित्रपट करीत.

३/
फ्रान्समध्ये हे काम जॉर्ज मेलिएसने केले. १९०२ सालच्या त्याच्या चंद्रप्रवासाच्या चित्रपटात तोफेचा गोळा चंद्राच्या डोळ्यात रुततो. ते दृश्य तुम्ही नक्की पाहिले असेल. मेलिएस मूळचा जादूगार. आणि धुंडिराज गोविंद फाळके? जन्म ३० एप्रिल १८७०, त्र्यंबकेश्वर. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण. छायाचित्रकार, पुरातत्त्व खात्यातील ड्राफ्ट्समन, छापखान्याचे मालक आणि जादूगारसुद्धा. जादूच्या प्रयोगांसाठी त्यांनी आपलेच आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केल्फा’ असे नाव घेतले होते.

४/
पहिल्या कथापटाआधी त्यांनी काय चित्रित केले, हे पाहण्यासारखे आहे. कुंडीत पेरलेला वाटाण्याचा दाणा! त्याला अंकुर फुटून वेल होईपर्यंत ते कॅमेऱ्याने एकेक चौकट टिपत राहिले. पडद्यावर अनेक दिवसांची वाढ काही क्षणांत घडली. भांडवल देणाऱ्यांना पटवण्यासाठी त्यांनी जादूचा प्रयोग केला नाही, तर काळाची गती बदलून दाखवली. माझ्या मते फाळक्यांच्या साऱ्या ट्रिकसीनचे बीज या कुंडीत आहे.

५/
‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. ही तारीख तुम्हाला पाठ असेलच, म्हणून पुढे जाऊ. त्याच वर्षी फाळक्यांनी आपला संसार आणि कंपनी मुंबईहून नाशिकला हलवली.

६/
नाशिकच का? जन्मभूमी जवळ, हे एक कारण. दुसरे कारण व्यवहाराचे. त्या काळी चित्रीकरण प्रामुख्याने सूर्यप्रकाशात होई. येथे घाट होते, देवळे होती, नदी होती आणि डोंगर होते. म्हणजे पौराणिक कथेचे अर्धे नेपथ्य विनामूल्य उभे होते.

७/
आणि रामकथेच्या दृष्टीने नाशिक म्हणजे कथेचे वळण. शूर्पणखेचे नाक कापले गेले ते येथे, अशी गावाच्या नावाची लोकप्रिय व्युत्पत्ती. सीतेचे हरण झाले ते पंचवटीतून, ही श्रद्धा. रामकुंडावर रोज उतरणाऱ्या माणसाला ‘पुढे काय झाले’ हे कोणी सांगावे लागत नव्हते. हरणानंतर शोध, शोधानंतर लंकादहन, त्यानंतर सेतू, मग युद्ध. पुढच्या भागाची कथा फुटण्याचे भय या प्रेक्षकाला नव्हते. त्याची उत्कंठा वेगळी होती: हे आता दिसणार कसे?

८/
१९१४ साली फाळके आपले चित्रपट घेऊन दुसऱ्यांदा लंडनला गेले. तेथे वाहवा झाली. पण ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटले आणि इकडे भांडवलाचा झरा आटला. पुढची दोन-तीन वर्षे ओढाताणीची गेली. घरच्या आघाडीवर सरस्वतीबाई होत्या. फिल्मच्या कडेला छिद्रे पाडणे, ती धुणे, आणि कंपनीतल्या सगळ्या माणसांचा स्वयंपाक! भारतीय चित्रपटाच्या इतिहासात या बाईंच्या नावाचा उल्लेख अजूनही पुरेसा होत नाही.

९/
मग १९१७ साली ‘लंकादहन’ आला. अण्णा साळुंके यांनी त्यात राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. हे तेच साळुंके, जे ग्रँट रोडवरील उपाहारगृहात आचारी होते आणि १९१३ साली तारामती झाले होते. गणपत शिंदे हनुमान झाले. हनुमान उड्डाण करतो, लहान होत होत आकाशात दिसेनासा होतो, आणि पुढे लंका पेटते. प्रेक्षकांनी हे आधी हजार वेळा ऐकले होते, पाहिले नव्हते.

१०/
अशा दृश्यांमागील तंत्र थोडक्यात सांगतो. कॅमेरा हाताने फिरवायचा, सेकंदाला साधारण १६ चौकटी. एका फुटात १६ चौकटी मावतात, म्हणजे एक फूट फिल्म म्हणजे सुमारे एक सेकंद. एकाच चित्रात दोन गोष्टी हव्या असतील, तर पहिली चित्रित करताना उरलेली जागा काळ्या आच्छादनाने झाकायची. मग तीच फिल्म कॅमेऱ्यात अचूक तितकीच मागे फिरवायची आणि दुसरी गोष्ट मोकळ्या जागेत टिपायची. मूठ किती वेळा फिरली हे मोजण्यात चूक झाली, की हनुमान आकाशाऐवजी झाडात! आणि ही चूक फिल्म धुऊन होईपर्यंत कळायची नाही. आजच्या संगणकावरच्या ‘मागे घ्या’ या आज्ञेची येथे कल्पनाही नको.

११/
यश अफाट होते. मुंबईत गिरगावच्या वेस्ट एंड चित्रपटगृहात सकाळी सातपासून मध्यरात्रीपर्यंत खेळ चालत, असे सांगतात. पडद्यावर राम येताच लोक पायातल्या वहाणा काढत. मद्रासेत जमलेली नाणी पोत्यांत भरून बैलगाडीने, पोलिसांच्या पहाऱ्यात नेली, ही आठवण तर चित्रपटवाल्यांच्या गप्पांत पिढ्यान्‌पिढ्या टिकली. तिच्यात थोडी मिठाची चिमूट असेलही. पण अशा आठवणी पडलेल्या चित्रपटाभोवती तयार होत नाहीत.

१२/
आज असे यश मिळाले तर दुसऱ्याच दिवशी पुढच्या भागाची घोषणा होईल. फाळक्यांनी पुढचा भाग काढला, पण दुसऱ्याच कथेचा. १९१८च्या आरंभी भागीदारांच्या भांडवलावर नाशिकला ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ उभी राहिली. वामन श्रीधर आपटे आणि मायाशंकर भट्ट हे भागीदारांपैकी. ही दोन नावे ध्यानात ठेवा, ती पुन्हा येतील. कंपनीचा पहिला चित्रपट ‘श्रीकृष्णजन्म’, २४ ऑगस्ट १९१८, मॅजेस्टिक, मुंबई. त्यात कंसाचे शिर धडापासून सुटून वर तरंगते आणि पुन्हा जागेवर येते. बालकृष्ण झाली होती फाळक्यांचीच मुलगी, मंदाकिनी.

१३/
पुढच्याच वर्षी ‘कालिया मर्दन’. तोच कृष्ण, तीच मंदाकिनी, कथा पुढे. आरंभी ती साध्या रूपात प्रेक्षकांसमोर येते आणि चेहऱ्यावर एकामागून एक भाव आणून दाखवते. मग ते चित्र विरघळत जाते आणि तीच मुलगी कृष्ण होते. म्हणजे दिग्दर्शक आधीच सांगून टाकतो, ही माझी युक्ती. आणि तरीही पुढे पाण्याखाली नागाशी झुंजणारा कृष्ण पाहताना काठावरच्या गोकुळवासीयांप्रमाणे आपलाही श्वास अडकतो. जादूगाराने बाह्या वर करून हात रिकामे दाखवावेत, तसे हे.

१४/
म्हणजे उत्तरार्ध वेळेवर कसा काढावा, हे नाशिकच्या या कंपनीला ठाऊक होते. मग रामकथेचा सेतू का रखडला? उत्तर कथेत नाही, हिशेबाच्या वहीत आहे. खर्चावरून आणि कामाच्या पद्धतीवरून भागीदारांशी फाळक्यांचे बिनसले. ते कंपनी सोडून काशीला गेले. तेथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. १९२२ साली परत आले, पुन्हा चित्रपट केले, पुन्हा खटके उडाले. भागीदारांना दोष देण्याची आपल्याकडे प्रथा आहे. मला ती अर्धीच मान्य आहे. चित्र मनासारखे होईपर्यंत पैसा किती लागेल हे न विचारणारा कलावंत आणि ते विचारणे हेच ज्याचे काम तो भांडवलदार, यांचे भांडण जगभर झाले आहे.

१५/
अखेर १९३०च्या सुमारास फाळक्यांनी स्वतंत्रपणे ‘सेतुबंधन’ हाती घेतला. पैसा मायाशंकर भट्टांनी दिला. या वेळी पंचवटीच्या परिसरात भागणार नव्हते. चित्रीकरण हंपी, मद्रास आणि रत्नागिरी येथे झाले. हंपीची निवड पाहा. तुंगभद्रेकाठचा तो शिळांचा प्रदेश म्हणजेच वानरांची किष्किंधा, अशी परंपरागत समजूत आहे. डोंगरच्या डोंगर उचलून समुद्रात टाकणारी सेना दाखवायची, तर त्या महाकाय शिळांइतके साजेसे दृश्य दुसरे कोठे मिळणार!

१६/
आणि पैसा संपला. काम थांबले. मग पुन्हा वामनराव आपटे मदतीस आले, तेव्हा ते पुढे सरकले. ज्या भागीदारांशी भांडून माणूस दोनदा बाहेर पडला, त्यांच्याच आधाराने त्याचा शेवटचा मूकपट पुरा झाला. नाशिकची ही भांडणे अशी होती.

१७/
पण चित्रपटाला विलंब होत असताना काळ थांबला नव्हता. १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला. तेच मॅजेस्टिक, जेथे १९१८ साली ‘श्रीकृष्णजन्म’ने गर्दी खेचली होती. आता पडदा बोलत होता, गात होता. लोकांना आश्चर्य हवेच होते. फक्त ते आता डोळ्यांकडून कानांकडे गेले होते.

१८/
६ फेब्रुवारी १९३२ रोजी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ प्रदर्शित झाला. पहिला मराठी बोलपट. कथा कोणती? हरिश्चंद्राची! १९१३ साली फाळक्यांनी ज्या कथेने आरंभ केला, तीच व्ही. शांताराम यांनी मराठी वाणीत आणि गाण्यांत आणली. त्यात तारामती झाल्या दुर्गा खोटे. स्त्री मिळेना म्हणून आचाऱ्याला तारामती करावे लागले होते, त्याला १९ वर्षेच झाली होती. आणि त्याच १९३२ साली ‘सेतुबंधन’ आला. मुका.

१९/
मूकपटाला एक लाभ होता: पाट्यांवरची भाषा बदलली, की तो मद्रासेतही चाले आणि लाहोरातही. बोलपटाने तो लाभ मोडला, तरी प्रेक्षक बोलपटाकडेच धावला. पुढे अर्देशिर इराणी यांच्या साहाय्याने ‘सेतुबंधन’ला आवाज जोडण्यात आला आणि १९३४ साली तो बोलका होऊन आला. हे काम किती किचकट होते, हे तंत्राच्या जाणकारास कळेल. मूकपटाचा वेग छायाचित्रकाराच्या मनगटावर चाले. ध्वनीला मात्र सेकंदाला २४ चौकटींची ठरीव गती लागते. शिवाय नटाचे ओठ संवादासाठी हललेलेच नसतात. हरिश्चंद्र जन्मतःच बोलत आला. सेतूला नंतर बोलायला शिकवावे लागले.

२०/
‘सेतुबंधन’ वाईट होता म्हणून मागे पडला, असे म्हणणे मला पटत नाही. तो १९२० साली आला असता, तर ‘लंकादहन’च्या नाण्यांच्या पोत्यांशेजारी आणखी पोती उभी राहिली असती, असा माझा तर्क आहे. त्याच्यासाठी डोळे लावून बसलेला प्रेक्षक १५ वर्षांत प्रौढ झाला होता, आणि त्याची मुले गाणी गुणगुणत घरी येत होती. दीर्घकाळ रखडलेल्या उत्तरार्धांचे खरे वैर पूर्वार्धाच्या कीर्तीशी नसते, मधल्या यंत्राशी असते.

२१/
फाळके मात्र तेथे थांबले नाहीत. कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी ‘गंगावतरण’ दिग्दर्शित केला. तो १९३७ साली आला. त्यांनी मुळातच बोलपट म्हणून केलेला हा एकमेव चित्रपट, आणि अखेरचाही. वय ६७. विषय पुन्हा डोळे दिपवणारा: आकाशातून उतरणारी नदी. ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी, जेथे गोदावरीलाच गौतमी गंगा म्हणतात, तेथे जन्मलेल्या माणसाने शेवटी हा विषय घ्यावा, यात नवल वाटत नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथेच त्यांचे निधन झाले.

२२/
त्या काळची फिल्म नायट्रेटची. जपली नाही तर पेटणारी किंवा चुरा होणारी. जे उरले, त्यातले बरेच पी. के. नायर यांच्या धडपडीमुळे, फाळके कुटुंबीयांकडील रिळे मिळवून, पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पोहोचले. ‘कालिया मर्दन’ बराचसा शाबूत आहे. मंदाकिनीचा चेहरा तेथे आजही कृष्ण होतो. ‘लंकादहन’चा एक तुकडाच उरला आहे. त्यात अशोकवन आहे, साळुंके यांची सीता आहे, आणि रामाचा निरोप घेऊन आलेला हनुमान आहे.