दबलेल्या नसेचा शोध

गोणी उचलता उचलता एखादा गडी 'उसण भरली' म्हणून खाली बसतो. पाठ शेकून चार दिवस बरे वाटते. मग कमरेपासून पोटरीपर्यंत कळ जाऊ लागते. हमालांच्या संघटनेत काम करताना अशाच एका गड्याविषयी मालकाने आम्हांस विचारले होते, "जखम कुठे आहे ती दाखवा, मग बोलू." क्ष-किरणाच्या चित्रात हाडे जागच्या जागी होती. आम्ही निरुत्तर झालो आणि या विषयावर मिळेल ते वाचू लागलो.

दुखणे जुनेच. आयुर्वेदाने त्यास गृध्रसी म्हटले. नेपल्सच्या कोतुन्योने १७६४ साली त्यावर ग्रंथ लिहिला. मूळ मात्र सापडत नव्हते. नवल असे, की ते सर्जनांच्या हाती येऊनही ओळखले गेले नाही! १९०८ साली बर्लिनला ओपेनहाइम यांच्या निदानावरून क्राउझे यांनी एका रोग्याचा कणा उघडला आणि नस दाबणारा गोळा काढला. रोग्यास आराम पडला. परंतु त्या गोळ्यास त्यांनी कूर्चेची गाठ ठरविले.

पुढे १९३२ च्या सुमारास बोस्टनमध्ये मिक्स्टर व बार यांनी गाठी म्हणून जपून ठेवलेले जुने तुकडे पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली घातले. बहुतेक गाठी नव्हत्याच! दोन मणक्यांमधली गादी फाटून बाहेर आलेला तो भाग होता. १९३४ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले आणि शस्त्रक्रियेस दिशा मिळाली : मागून मणक्याची कमान थोडी कोरायची, नस अलगद बाजूस सारायची, बाहेर आलेला तुकडा चिमट्याने काढायचा.

आम्हांस यात मोठी गोष्ट दिसते. गाठ म्हटली की दैवाचा खेळ. गादी फाटली म्हटले की भाराचा प्रश्न निघतो. वय आणि आनुवंशिकता यांचाही वाटा असतो, हे खरे; मालकांचे वकील तेवढेच सांगतात!

शस्त्रक्रियाही प्रत्येकास लागत नाही. नॉर्वेच्या वेबर यांनी १९८३ साली दाखविले, की वर्षाअखेर शस्त्रक्रिया झालेले अधिक बरे होते, दहा वर्षांनी फारसा फरक उरला नाही. लघवीचा ताबा जाऊ लागला, तर मात्र एक दिवसही दवडू नये.

आमच्या गड्याची शस्त्रक्रिया झाली, पायाची कळ गेली. तो पुन्हा कामावर आला. एका माणसाने ५५ किलोंहून अधिक भार वाहू नये, अशी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची शिफारस १९६७ सालची. त्याच्यापुढे आले ते पोते शंभर किलोंचे होते.