म्हसे, जिव्या सोमा
(१९३४ – १५ मे २०१८). विख्यात वारली चित्रकार. तत्कालीन ठाणे (आता पालघर) जिल्ह्यातील तलासरी तालुक्यात जन्म. पुढील आयुष्य डहाणू तालुक्यातील गंजाडजवळच्या पाड्यावर गेले. लहानपणी आई वारल्यावर त्यांचे बोलणे बंद झाले आणि ते धुळीत चित्रे काढून मनातले सांगू लागले. वारली समाजात लग्नाचा चौक (विवाहाचे विधिचित्र) सवाशिणी झोपडीच्या भिंतीवर लिहीत. म्हसे यांनी पुरुष असूनही आणि लग्नकार्य नसतानाही रोज चित्रे काढली. प्रथेपासून घेतलेली ही मोठी मोकळीक होती. १९७०च्या दशकारंभी चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी त्यांचे काम हेरले आणि त्यांना कागद व रंग मिळवून दिले. पुढे ते शेणाने सारवलेल्या कापडावरही पांढऱ्या रंगाने रंगवू लागले.

मासेमारीचे जाळे हा त्यांचा आवडता विषय. बारीक रेघांची वीण चित्रभर पसरते, आत असंख्य मासे, कडेला काडीएवढा मासेमार. मुंग्यांच्या रांगा, भातकापणी, तारपा या वाद्यावरचा नाच यांतही रेघ कुठेच थांबत नाही. शिक्षण नसताना साधलेली ही रचना थोर आहे.

१९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, २०११ मध्ये पद्मश्री. पॅरिसमधील १९८९च्या गाजलेल्या जागतिक कलाप्रदर्शनात त्यांची चित्रे होती. रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलावंतासोबतही त्यांचे प्रदर्शन झाले. एवढे होऊनही ते शेती करीत पाड्यावरच राहिले. सदाशिव व बाळू हे त्यांचे पुत्रही चित्रकार आहेत.