सवाई जयसिंहाची निवड

दिल्लीत नोकरीनिमित्त आलेल्या मराठी माणसाला संसद मार्गावरील जंतरमंतर अपरिचित नसते. ही यंत्रे एवढी प्रचंड आणि दगडचुन्याचीच का, हा प्रश्न मात्र सहसा आमच्या मनात येत नाही.

सवाई जयसिंहाने (१६८८–१७४३) प्रारंभी समरकंदच्या परंपरेतील पितळी यंत्रेच करविली होती. त्यांनी त्याचे समाधान झाले नाही. आकार लहान असल्याने अंशाचे सूक्ष्म विभाग पाडता येत नसत. आस झिजत, मध्यबिंदू ढळत, प्रतले सरकत. ‘झीज-इ-मुहम्मदशाही’च्या प्रस्तावनेत ही कारणे नमूद आहेत.

प्रचलित कोष्टकांवरून काढलेली ग्रहस्थाने प्रत्यक्ष आकाशाशी जुळत नव्हती. ते अंतर मिटविणे हा जयसिंहाचा हेतू होता. त्यासाठी स्थैर्य आणि सूक्ष्म विभागणी यांना त्याने अग्रस्थान दिले, आणि यंत्र सहज हलविण्याची सोय सोडून दिली. हा क्रम ठरल्यावर दगड, चुना आणि विशाल आकार ओघानेच आले. दिल्लीचे सम्राट यंत्र सुमारे ७० फूट उंच आहे. जयपूरचे सुमारे ९० फूट असून त्यावर २ सेकंदांपर्यंतचे विभाग आहेत. एका ठिकाणचे वेध दुसरीकडे पडताळता यावेत म्हणून जयपूर, मथुरा, काशी व उज्जैन येथेही वेधशाळा झाल्या. त्यांपैकी मथुरेची आज उरलेली नाही.

या कार्यात त्याचा प्रमुख साहाय्यक जगन्नाथ सम्राट हा महाराष्ट्रीय पंडित होता. त्याने अरबीवरून टॉलेमीचा ग्रंथ ‘सिद्धान्तसम्राट’ या नावाने आणि युक्लिडचा ‘रेखागणित’ या नावाने संस्कृतात आणला. परप्रांती राहून केलेली ही विद्यासेवा आम्हांस विशेष जिव्हाळ्याची वाटते.

या निवडीची किंमतही पडली. सूर्यबिंबाला विस्तार असल्याने छायेची कड अस्पष्ट पडते, त्यामुळे सूक्ष्म विभागांचा पुरता लाभ मिळत नाही. युरोपातील वेधयंत्रांना त्या काळी दुर्बीण जोडली जात होती. तो मार्ग या पाषाणयंत्रांना खुला नव्हता. तरीही जयसिंहाचा निर्णय आज आम्हांस तपासता येतो, कारण त्याने कारणे लिहून ठेविली.

आमच्या दप्तरांत निर्णय पुष्कळ सापडतात; ते घेताना कशाला अग्रक्रम दिला आणि काय सोडले, याची टिपणी क्वचितच आढळते. बदलीच्या गावी घर पाहताना तरी आम्ही कचेरी जवळ हवी की मुलांची शाळा, हे आधी कोठे ठरवितो? भाड्याचा आकडा ऐकून होकार देतो, आणि मग तीन वर्षे कुरकुरत राहतो.