तुरा, शेंडी आणि कोंबडीचे सुख



कोंबडीलाही इतिहास असतो, असे म्हटले तर तुमच्यापैकी कित्येकांना हसू येईल. पण गोसीखुर्दच्या परिसरात बसून हा इतिहास सांगायला फार लांब जावे लागत नाही. गोसीखुर्द पवनी तालुक्यातले. पवनीला 1969-70 साली उत्खनन झाले, तेव्हा प्राचीन बौद्ध स्तूपांचे अवशेष निघाले. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातील देवटेक येथे एक शिला मिळाली. तिच्यावरच्या जुन्या ब्राह्मी लेखात प्राण्यांना पकडण्यास व मारण्यास मनाई आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्याचा संबंध अशोकाच्या धर्ममहामात्राशी जोडला. खुद्द अशोकाने राज्याभिषेकाला 26 वर्षे झाल्यावर जो पाचवा स्तंभलेख कोरविला, त्यात तर स्पष्टच आज्ञा आहे, की कोंबड्याला खच्ची करू नये. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी राजाला कोंबड्याचे दुःख नोंदवावेसे वाटले, ही गोष्ट लहान नव्हे.

पुढे सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त गाय, कुत्रा, घोडा यांच्याबरोबर कोंबड्याचीही लक्षणे दिली. पिसे आणि बोटे सरळ, तोंड, नखे व तुरा तांबडा, आवाज गोड. पहाटे असा कोंबडा आरवला की तो राजाला शुभ! शुभाशुभ क्षणभर बाजूला ठेवा. लाल तुरा, सरळ बोटे, नितळ आवाज ही निरोगी कोंबड्याचीच चिन्हे आहेत, हे आपल्या घरातली म्हातारी आजीसुद्धा सांगेल.

आता युरोपात काय झाले ते पाहा. इंग्लंडात 1835 च्या कायद्याने कोंबड्यांच्या झुंजी बंद झाल्या. मग हौशी मंडळी प्रदर्शनांकडे वळली. 1845 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात कोंबड्यांचे मोठे प्रदर्शन भरले. कोणत्या जातीला किती गुण द्यायचे, याचे वाद होऊ लागले, म्हणून 1865 मध्ये टेगेटमायर यांच्या संपादनाखाली जातिलक्षणांचे पुस्तक निघाले. या प्रदर्शनांत ‘पोलिश’ नावाची कोंबडी फार मिरवली. तिच्या डोक्यावर मांसाचा तुरा जवळजवळ नसतो; असते ती पिसांची भलीमोठी शेंडी.

शेंडी जितकी मोठी तितके बक्षीस मोठे. साहजिकच पाळणारा दर पिढीत मोठ्या शेंडीचे नर-मादी निवडून जोड लावू लागला. पण शेंडी काही नुसती पिसांची गोष्ट नाही. डार्विनने 1868 च्या आपल्या ग्रंथात अशा कोंबड्यांच्या कवट्या तपासून दाखविले, की शेंडीखाली हाडाला उंचवटा येतो आणि त्या हाडात भोके राहतात. म्हणजे दुसऱ्या कोंबडीने तिथे चोच मारली, तर घाव थेट मेंदूपर्यंत जाण्याची भीती! शिवाय शेंडी डोळ्यांवर येते, वरून झडप घालणारी घार दिसत नाही, पाणी पिताना पिसे भिजतात, त्यांत उवा होतात. बक्षीस मालकाला मिळते. आंधळेपण मात्र कोंबडीच्या वाट्याला येते.

आपल्याकडे शेंडीची हौस नाही, म्हणून आपण निर्दोष, असे समजू नका. भंडारा-चंद्रपूरकडचा कोंबडबाजार तुम्हाला ठाऊक आहे. असील जातीचा कोंबडा बळकट आणि हट्टी. पिढ्यान्‌पिढ्या तो निवडला गेला तो झुंजीसाठीच. त्याच्या पायाला काती बांधून पैजा लावतात. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा 1960 सालचा आहे; त्याने अशा झुंजी लावणे गुन्हा ठरविले आहे. तरी बाजार चोरून भरतोच.

गावरान कोंबड्यांतही अधूनमधून एखादी शेंडीवाली निघते. ती जरूर पाळा. तिचे डोळे झाकत असतील तर पुढची पिसे कातरीने कमी करा, पाणी अरुंद तोंडाच्या भांड्यात द्या, उवा पाहात जा, आणि डोक्यावर चोची मारणाऱ्या कोंबड्यांपासून तिला वेगळी ठेवा. पिल्ले काढायची तर शेंडीवाल्या मादीला साध्या डोक्याचा नर द्या.

शिक्षकांनीही एक करावे. वराहमिहिराची लक्षणे आणि प्रदर्शनातली लक्षणे फळ्यावर शेजारीशेजारी लिहावीत आणि मुलांना विचारावे: यातली कोणती कोंबडीच्या उपयोगाची, आणि कोणती फक्त माणसाच्या? खुराड्यात रोज जाणारी मुले उत्तर बरोबर देतील.