ताकाला जाणारी भांडी

'ताकाला जाऊन भांडे लपवणे' ही म्हण आपण मुलांना अर्थासह शिकवतो. पण ती एका जुन्या व्यवहाराचा पुरावाही आहे. दूध आणि तूप विकत घ्यावे लागे, ताक मात्र शेजारी मागून मिळे. असे का, याचे उत्तर शिराळ्यासारख्या भागात सापडते.

शिराळा तालुका वारणेच्या काठी, सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. 1949 पर्यंत हा भाग सातारा जिल्ह्यात होता. आज तो सांगलीत आहे. वाडीवरचे दूध बाजारात पोचेपर्यंत नासण्याची भीती. तूप मात्र महिनोन्‌महिने टिकते. म्हणून दूध तापवायचे, विरजायचे आणि सकाळी डेऱ्यात घुसळायचे. रवी घुसळखांबाला अडकवलेली, तिच्या दोरीची दोन टोके बाईच्या दोन हातांत.

दुधातील स्निग्धांश सूक्ष्म गोलकांच्या रूपात असतो. प्रत्येक गोलकाला पातळ आवरण असते. घुसळताना ते फाटते आणि गोलक एकमेकांना चिकटून लोण्याचे कण होतात. मात्र त्यासाठी स्निग्धांश थोडा घट्ट, थोडा मऊ असावा लागतो. म्हणून बायका उन्हाळ्यात डेऱ्यात गार पाणी घालत, थंडीत कोमट. तापमापक नसला, तरी तापमानाची जाण होती.

आता हिशेब करू. म्हशीच्या 5 लिटर दुधात सुमारे 350 ग्रॅम स्निग्धांश आणि 200 ग्रॅम प्रथिने असतात. स्निग्धांश बहुतेक लोण्यात जातो, प्रथिने बहुतेक ताकात राहतात. लोणी कढवून तूप बाजारात जाई. ताक टिकत नसे, म्हणून ते घरात आणि शेजारी वाटले जाई. ज्याच्या दारात म्हैस नाही, त्यालाही थोडी प्रथिने मिळत.

कोल्हापूरचा दूध संघ 1963 साली आणि वारणानगरचा 1968 साली स्थापन झाला. 1970 पासून देशात दूध महापूर योजना आली. संकलन केंद्रे, शीतकरण आणि टँकर यांनी दूध शहरापर्यंत टिकवले. जे काम रवी करत होती, ते आता बर्फगार टाकी करू लागली. शेतकऱ्याला नियमित रोख पैसा मिळाला, बाईच्या दंडांना विसावा मिळाला. पण भाव मुख्यतः फॅटवर ठरत असला, तरी फॅटबरोबर सगळे दूधच घराबाहेर गेले.

दुसरी रीतही असू शकते. डेन्मार्कमध्ये 1882 साली पहिली सहकारी डेअरी निघाली. तेथे यंत्राने मलई काढून उरलेले दूध सभासदांना परत मिळे. ते डुकरांना घालत हे खरे, पण प्रथिने शेतावर राहत.

वर्गात मुलांना विचारून पाहू: घरचे दूध किती, डेअरीला किती, घरात किती? उरलेल्या दुधातली प्रथिने त्यांनाच मोजू द्यावीत. आणि आजीला एक प्रश्न विचारायला सांगावे: पूर्वी आपल्या दारात ताकाला कोण कोण येत असे?